सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह रखडतोय? दोष डिस्कचा, लेन्सचा की कॉम्प्युटरचा, हे घरच्या घरी कसं शोधायचं

घरातल्या कॉम्प्युटरचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह आता महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही. मग एक दिवस गरज पडते. लग्नाची डीव्हीडी पेन ड्राइव्हवर घ्यायची असते, मुंजीच्या फोटोंची सीडी कपाट आवरताना हाती लागलेली असते, नाहीतर डॉक्टरांनी जुन्या एमआरआयची सीडी मागितलेली असते. डिस्क आत जाते, ड्राइव्ह घुमायला लागतो, थांबतो, परत घुमतो. ‘धिस पीसी’ची खिडकी पांढरी पडते, माऊसचं चक्र फिरत राहतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ड्राइव्ह गेला, नवीन आणा.

हा निष्कर्ष घाईचा आहे. ड्राइव्ह हळू चालतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने स्वतःच वेग कमी केलेला असतो. डिस्कवरचा एखादा भाग नीट वाचता आला नाही की तो वेग उतरवतो, लेन्स पुन्हा जुळवून घेतो आणि तोच भाग परत परत वाचून बघतो. म्हणजे हळूपणा हे लक्षण आहे. खरा प्रश्न हा की त्याला वाचायला त्रास कशाचा होतोय. संशयित तीनच: डिस्क, ड्राइव्हची लेन्स, आणि ड्राइव्हपासून विंडोजपर्यंतचा रस्ता. या तिघांना एकमेकांपासून वेगळं काढणं हेच यातलं मुख्य काम. ते झालं की दुरुस्ती सहसा किरकोळ असते.

नक्की किती हळू म्हणजे हळू?

डिस्क घातल्यावर ती ओळखायला १० ते २० सेकंद लागणं नेहमीचंच आहे. ही सीडी आहे की डीव्हीडी, एका थराची की दोन थरांची, कारखान्यात छापलेली की घरी राइट केलेली, हे ड्राइव्ह या वेळात तपासत असतो. काही मिनिटं हात लावला नाही तर मोटर थांबते आणि पुढच्या क्लिकला पुन्हा वेग घ्यायला काही सेकंद जातात. हाही दोष नाही.

वेगाच्या आकड्यांचंही समजून घ्यायला हवं. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सुमारे १.३८ एमबी. त्यामुळे ५२एक्सचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला जास्तीत जास्त ७.८ एमबी आणि १६एक्सचा डीव्हीडी ड्राइव्ह सुमारे २२ एमबी वाचतो. पण हा वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो. वाचन आतल्या कड्यापासून सुरू होतं आणि तिथे वेग निम्म्याहूनही कमी असतो. कॉपी सुरू करताच ८-९ एमबी दिसले आणि पुढे आकडा चढत गेला तर १६एक्सचा ड्राइव्ह ठणठणीत आहे. लॅपटॉपचे आणि यूएसबीचे पातळ ड्राइव्ह मुळात ८एक्सचे असतात, भरलेल्या डीव्हीडीला त्यांना दहा-बारा मिनिटं लागणारच. आकडा वर जायच्या ऐवजी मधेच शून्यावर येत असेल, किंवा एकाच फाइलवर तासभर अडकत असेल, तर पुढे वाचा.

आणखी एक. काही ड्राइव्ह सिनेमाची डीव्हीडी ओळखली की आवाज कमी यावा म्हणून वेग मुद्दाम खाली ठेवतात. फक्त व्हिडिओ डीव्हीडीच हळू कॉपी होते आणि डेटाच्या डिस्क झरझर जातात, असं असेल तर ड्राइव्ह खोलायची गरज नाही.

सगळ्यात आधी ती महत्त्वाची डिस्क बाहेर काढा

जी डिस्क वाचवायची आहे तिच्यावरच प्रयोग करू नका. ड्राइव्ह तिच्याशी झगडत असेल तर थांबवा, बटण दाबून बाहेर घ्या. बटणाला दाद देत नसेल तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करा आणि ट्रेच्या पट्टीवरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप हळूच दाबा. ट्रे बोटभर पुढे येतो, मग हाताने ओढता येतो. हे भोक जवळपास प्रत्येक ट्रेवाल्या ड्राइव्हला असतं.

बाहेर काढलेली डिस्क उजेडात धरून मधल्या भोकाभोवती तडा आहे का बघा. केसासारखी बारीक चीर असली तरी ती डिस्क वेगवान ड्राइव्हमध्ये परत घालू नका. ५२एक्सला सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि तडा गेलेली डिस्क त्या वेगात आतच फुटू शकते. तिचे तुकडे लेन्सही घेऊन जातात.

वेगवेगळ्या डिस्क घालून परीक्षा

आता शेजारून, नातेवाइकांकडून, जुन्या खोक्यातून तीन प्रकारच्या डिस्क गोळा करा. एक कारखान्यात छापलेली, म्हणजे विकत घेतलेल्या सिनेमाची किंवा मदरबोर्डसोबत आलेली. दुसरी एकदाच राइट होणारी. तिसरी पुन्हा पुन्हा राइट होणारी, असली तर. शक्यतो सीडी आणि डीव्हीडी दोन्ही बघा.

या परीक्षेत बरंच कळतं, कारण या डिस्क प्रकाश सारख्या परावर्तित करत नाहीत. छापील सीडी सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, पुन्हा राइट होणारी सीडी जेमतेम १५ ते २५ टक्के. दोन थरांची डीव्हीडीही अशीच मंद. लेन्स धुळीने माखली किंवा लेझर थकला की आधी या मंद डिस्क अडतात, मग घरी राइट केलेल्या, आणि छापील सगळ्यात शेवटी. त्यामुळे छापील डिस्क चटकन उघडतेय आणि राइट केलेल्या सगळ्याच रखडतायत, तर रोख लेन्सकडे. सगळ्या नीट चालतात आणि तुमची एकच अडते, तर दोष त्या डिस्कचा. डीव्हीडी छान चालते पण कुठलीच सीडी चालत नाही, किंवा याच्या उलट, तर एक लेझर दमलाय, कारण ड्राइव्हमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर असतात. अशा ड्राइव्हवर पैसे घालू नयेत. आणि सगळ्याच डिस्क, अगदी कोरी करकरीत छापीलसुद्धा, सारख्याच रखडत असतील तर केबल, वीज आणि विंडोज तपासा.

विंडोजमध्येही पुरावा सापडतो. स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्स’मध्ये ‘सिस्टिम’ निवडा आणि डिस्क अडली त्या वेळच्या नोंदी बघा. ‘सीडीरॉम’च्या नावाने ७ क्रमांकाची ‘बॅड ब्लॉक’ची नोंद असेल तर ड्राइव्हला डिस्कवरचा भाग वाचता आलेला नाही. ‘कंट्रोलर एरर’ सांगणारी ११ क्रमांकाची नोंद असेल तर बहुतेक वेळा केबल किंवा पोर्टकडे बघावं लागतं. ही दोन मिनिटं घालवाच, पुढचे दोन तास वाचतात.

दोष डिस्कचा असेल तर

आधी फक्त बोटांचे ठसे आणि धूळ. चष्मा पुसायचं मऊ कापड घ्या आणि मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. यामागे कारण आहे. सीडीवर एका जागी सलग अडीच मिलिमीटरच्या आसपास भाग वाचला गेला नाही तरी ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तो भरून काढते. मधून कडेकडे जाणारा सरळ चरा प्रत्येक फेऱ्यात थोडासाच भाग झाकतो, तो भरून निघतो. माहिती मात्र गोलाकार रेषेत लिहिलेली असते, त्यामुळे गोल पुसताना पडलेला चरा त्याच रेषेवर लांबच लांब पसरतो आणि सगळी दुरुस्ती तोकडी पडते. चिकट डाग असेल तर साधं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मग पूर्ण कोरडं करणं.

टूथपेस्टने चरे घालवायचा उपाय अजून घरोघरी सांगितला जातो. खालच्या बाजूचा एखादा वरवरचा चरा त्याने फिका पडतो हे खरं, पण पेस्टमधले कण नवे चरे पाडतात. ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही तिच्यावर हे अजिबात करू नका.

लोक चरे नेहमी चकचकीत बाजूला शोधतात. सीडीची नाजूक बाजू मात्र वरची, जिथे नाव लिहितात ती. १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकच्या वर अगदी पातळ धातूचा थर आणि त्यावर नुसतं लाखेचं आवरण असतं. बॉलपेनने नाव लिहिलेल्या सीडीवर त्या अक्षरांखालचाच डेटा गेलेला असू शकतो. डिस्क दिव्याकडे धरा, आरपार टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर उडालेला आहे आणि तो कुठल्याही पुसण्याने परत येत नाही. डीव्हीडीत हा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वरून जास्त सोसते.

फोटो स्टुडिओवाल्यांनी हौसेने लावलेले कागदी स्टिकर हाही एक छुपा दोष. स्टिकर एका बाजूला फुगला की डिस्कचा तोल जातो, ती वेगात थरथरते आणि ड्राइव्ह वेग उतरवतो. स्टिकर ओढून काढू नका, खालचा थर सोबत निघेल. ड्राइव्हलाच कमी वेगाने वाचायला लावायचं, ते कसं हे पुढे येतंय.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी बुरशीही बघावी. पावसाळ्यातल्या दमट कपाटात प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिलेल्या डिस्कवर बारीक जाळी किंवा ढगासारखे डाग दिसतात. वरवर असतील तर पाण्याने निघतात, थरात शिरले असतील तर नाही. आणि एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेल्या डिस्कवर दव धरतं, ते सुकेपर्यंत तिला ड्राइव्हमध्ये घालायची घाई करू नका.

हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडी हा वेगळाच विषय. त्या कॅमेऱ्यातच ‘फायनलाइज’ केलेल्या, म्हणजे रेकॉर्डिंग संपवून दुसऱ्या ड्राइव्हला वाचता येतील अशा बंद केलेल्या नसतील तर कॉम्प्युटर बराच वेळ चाचपडतो आणि शेवटी डिस्क कोरी दाखवतो. डेटा आत असतो, पण कॅमेरा चालू स्थितीत असेल तर आधी त्यातच फायनलाइज करून घ्या. ट्रे नसलेल्या, फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ही छोटी डिस्क घालू नका, ती आत अडकते.

दोष लेन्सचा असेल तर

लॅपटॉपच्या आणि यूएसबीच्या पातळ ड्राइव्हमध्ये हे काम सोपं. ट्रे बाहेर आला की लेन्स समोरच दिसते, निळसर झाक असलेला मुगाच्या दाण्याएवढा मणी. कॉम्प्युटर बंद करा, यूएसबीची केबल काढा. आधी हवेचा ब्लोअर, कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी फुगा, मारून सुटी धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. मग कान साफ करायचा कापसाचा नवा इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, कागदावर टेकवून जास्तीचा ओलावा काढा आणि लेन्सवर अगदी हलका, वजन न देता फिरवा. लगेच दुसऱ्या, कोरड्या बडने तसंच.

हलका म्हणजे किती, तर बड टेकवल्यावर लेन्स किंचित खाली दबते आणि सोडली की वर येते, तेवढाच. ती केसासारख्या बारीक तारांवर तोललेली असते आणि दोन्ही बाजूंच्या चुंबकांमध्ये हलते. जोर दिला की तारा वाकतात आणि ड्राइव्ह कायमचा जातो. लेन्स अनेकदा प्लॅस्टिकची असते, म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर बिलकूल नको, त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिक खातं. घरात उरलेलं सॅनिटायझरही नको, त्यातल्या ग्लिसरीनचा आणि सुगंधाचा पातळ थर लेन्सवर राहतो.

डेस्कटॉपच्या मोठ्या ड्राइव्हमध्ये लेन्स आत असते. कॅबिनेटमधून ड्राइव्ह बाहेर काढा, तळाचे चार स्क्रू काढा, वरचं पत्र्याचं झाकण सरकवा. आत तुम्हाला लेन्स ज्या दांड्यांवर सरकते त्याही दिसतील. त्यांच्यावरचं ग्रीस काळं, घट्ट झालं असेल तर लेन्स अडखळत सरकते आणि डिस्कच्या ठरावीक भागातच वेग पडतो. जुनं ग्रीस बडने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा बारीकसा ठिपका दांडीवर लावला तरी फरक पडतो, लेन्सपासून मात्र तेल दूर ठेवा. झाकण काढलेल्या अवस्थेत ड्राइव्ह कधीही चालू करू नका. लेझर डोळ्याला घातक आहे आणि सीडीचा लेझर तर दिसतही नाही.

ट्रेच अडखळत उघडत असेल तर तिथला छोटा रबरी पट्टा सैल झालेला असतो. पट्टा अल्कोहोलने पुसून बघा, नाहीतर बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जुना पट्टा नमुना म्हणून नेऊन चौकशी करा. ब्रश लावलेली लेन्स क्लीनर डिस्क मिळते, तीही सुटी धूळ काढते, पण स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतल्या ड्राइव्हवर जो तेलकट थर बसतो त्याला अल्कोहोलच लागतं.

केबल, पोर्ट, वीज

यूएसबीचा ड्राइव्ह असेल तर हब आणि लांब केबल बाजूला ठेवा आणि थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा. जुन्या यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० कडून ९००. मोटर वेग घेताना अनेक ड्राइव्ह याहून जास्त ओढतात. वीज कमी पडली की डिस्क फिरते, थांबते, टक्‌ आवाज येतो, परत फिरते. दोन तोंडांची केबल सोबत आली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

डेस्कटॉपमध्ये ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी साटाची केबल काढून घट्ट बसवा. मग दुसरी केबल, मग मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

घरात अजून विंडोज एक्सपीचं मशीन आणि रुंद पट्टीची आयडीई केबल असेल तर तिथला एक दोष आवर्जून तपासण्यासारखा आहे. त्या चॅनेलवर एकूण सहा वेळा टाइमआउट किंवा डेटाची चूक झाली की एक्सपी वेग पायरीपायरीने उतरवत शेवटी डीएमए या वेगवान पद्धतीवरून पीआयओ या जुन्या पद्धतीवर येतं. म्हणजे प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागतो. ड्राइव्ह तर रखडतोच, पण माऊससुद्धा अडखळतो. एखादी खराब सीडी एवढं करायला पुरते आणि ती काढून टाकल्यावरही वेग आपोआप परत येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सेकंडरी आयडीई चॅनेल’ अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा, विंडोज ते नव्याने शोधतं आणि डीएमए परत लागतं.

विंडोजच वेळ खात असेल तर

सीडीवर हजारभर फोटो असतील आणि फोल्डर मोठ्या चित्रांच्या रूपात उघडत असेल, तर प्रत्येक छोटं चित्र दाखवायला लेन्सला उडी मारावी लागते. अशी एक उडी १०० ते १५० मिलिसेकंदांची, हार्ड डिस्कच्या दहापट किंवा जास्त. फोल्डरचा व्ह्यू ‘लिस्ट’ करा आणि फोटो सीडीवरून न बघता आधी सगळे हार्ड डिस्कवर घ्या. एमआरआयच्या सीडीलाही हेच. त्यातला बघायचा प्रोग्रॅम सीडीवरूनच चालवला की शेकडो छोट्या फाइलींमध्ये फिरत बसतो. पूर्ण सीडी एका फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून चालवा.

सेटिंग्जमधलं ‘ऑटोप्ले’ बंद केलं की डिस्क घालताच होणारी ओढाताण कमी होते. अँटिव्हायरस डिस्कवरची मोठी झिप फाइल उघडून तपासत बसला असेल तर त्याला ते काम कॉपी झाल्यावर करू द्या.

विकतच्या सिनेमाची डीव्हीडी व्हीएलसी प्लेअरमध्ये सुरू व्हायला खूप वेळ घेत असेल तर रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे तो क्रमांक, बघा. ड्राइव्हचा आणि डिस्कचा रीजन जुळत नसेल तर व्हीएलसीला कुलूप उघडण्याची किल्ली खटपट करून शोधावी लागते, त्यात वेळ जातो. भारताचा रीजन ५. परदेशातून आणलेल्या लॅपटॉपवर तो वेगळा असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून तो बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, त्यानंतर शेवटचा तोच कायम राहतो. लग्नाच्या डीव्हीडीला असं कुलूप नसतं, तिचा हळूपणा यात शोधू नका.

अडलेल्या डिस्कवरून डेटा काढणं

आता ती बाजूला ठेवलेली डिस्क घ्या. एक्स्प्लोररमधून फाइल ओढून कॉपी करणं हा अशा डिस्कसाठी सगळ्यात वाईट मार्ग, कारण एका खराब जागेवर विंडोज अडतं आणि पुढचा चांगला भाग तसाच राहतो. डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, काढा. विंडोजवर इम्गबर्न या प्रोग्रॅमचा ‘रीड’ हा पर्याय त्यासाठी चांगला. वेग मुद्दाम कमी निवडा, सीडीला ८एक्स, डीव्हीडीला २एक्स किंवा ४एक्स. थरथरणारी, वाकलेली, स्टिकरची डिस्क कमी वेगात पुष्कळदा मुकाट्याने वाचली जाते. हे सॉफ्टवेअर टाकताना सोबत भलतंसलतं टाकलं जात नाही ना, ते प्रत्येक पडद्यावर वाचा.

एवढ्यानेही भागलं नाही तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम चालवा आणि डीडीरेस्क्यू हा डेटा वाचवणारा प्रोग्रॅम वापरा. ब्लॉकचा आकार २०४८ बाइट सांगा, सीडी-डीव्हीडीचा सेक्टर तेवढाच असतो. हा प्रोग्रॅम आधी सोपे भाग पटापट उचलतो आणि अवघड भागांवर नंतर परत येतो. काय मिळालं आणि काय राहिलं याची नोंद तो एका मॅप फाइलमध्ये ठेवतो, आणि त्याची खरी ताकद तीच. तीच डिस्क दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये घाला, तीच मॅप फाइल द्या, तो फक्त राहिलेले भाग वाचायला घेतो. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला अनेकदा दिसतं, आणि दोघांचं मिळून एक इमेज पूर्ण होते. म्हणून जुन्या डेस्कटॉपचा जाडजूड ड्राइव्ह भंगारात देऊ नका. खराब डिस्क वाचायला तो पातळ ड्राइव्हपेक्षा जास्त भरवशाचा असतो, असं माझं मत आहे.

इमेज मिळाली की ती विंडोजमध्ये डबल क्लिकने उघडते. व्हिडिओ असेल तर तो मधेच, शेवटी, दोन-चार ठिकाणी पुढे सरकवून चालवून बघा. फोटो असतील तर प्रत्येक फोल्डरमधले शेवटचे फोटो उघडा. डिस्क बहुधा बाहेरच्या कडेकडून खराब होत जाते आणि भरलेल्या डिस्कवर शेवटी लिहिलेल्या फाइली तिथेच असतात. सगळं उघडलं की एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी घराबाहेर राहणाऱ्या कुणाकडे तरी, आणि त्यानंतरच ती डिस्क पाकिटात परत घाला.